सोलापूर, चादरी आणि एक शून्य-शून्य

भाचीच्या लग्नात अहेराला सोलापुरी चादरीच द्यायच्या, असं ताईने ठरवलं आणि आणायला मला धाडलं. 6 जून 2024. दुपारी इंद्रायणीतून उतरलो. लोकसभेचा निकाल लागून दोनच दिवस झाले होते, त्यामुळे पार्क चौक येईपर्यंत रिक्षावाल्याने अख्खी मतमोजणी ऐकवली. सिद्धेश्वराचं दर्शन घेतलं, तळ्याच्या काठावर जरा बसलो. ऊन मात्र हटायला तयार नव्हतं.

माझा जीव अडकला होता संध्याकाळी सातमध्ये. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर भारत-कुवेत, फुटबॉल विश्वचषक पात्रता फेरी, आणि सुनील छेत्रीने भारताकडून शेवटचा म्हणून जाहीर केलेला सामना. लॉजच्या टीव्हीवर क्रिकेटचा टी-ट्वेंटी विश्वचषक चालू होता. चॅनेल बदलता का, विचारलं, तर मॅनेजरने असं बघितलं की मी गुपचूप बाहेर पडलो.

हॉस्टेलमधला जुना दोस्त पूर्व भागात राहतो. घराला लागूनच त्याचे सहा माग. "का बे, चादरी घ्यायला आलास का मॅच बघायला?" म्हणत त्याने शेंगा चटणी आणि कडक भाकरी पुढे ठेवली. घरात रेंज नव्हती, मागांच्या शेडमध्ये होती. मग तिथेच एका खोक्यावर मोबाईल टेकवून बसलो.

मागाचा आवाज कानाने नाही, छातीने ऐकू येतो. धोटा इकडून तिकडे आपटतोय, वर नक्षी ठरवणाऱ्या जॅकार्डचे भोकं पाडलेले पुठ्ठे एकेक करून सरकतायत, खाली लाल चादरीवर मोर बोटभर बोटभर वर येतोय. कॉमेंट्री ऐकायचा प्रश्नच नव्हता. चार माग सांभाळणाऱ्या कामगाराच्या भुवयांवर कापूस बसला होता. कांडी बदलता बदलता तो वाकून ओरडला, "स्कोर?"

"शून्य-शून्य!"

अर्ध्या तासाने पुन्हा तेच. "मग एवढं काय बघलालाव?"

मी ओरडून ओरडून सांगितलं. 12 जून 2005 ला क्वेट्ट्यात पाकिस्तानविरुद्ध छेत्रीचा भारताकडून पहिला सामना, त्यातच पहिला गोल. 2008 मध्ये दिल्लीत एएफसी चॅलेंज कपच्या फायनलला ताजिकिस्तानवर हॅटट्रिक, म्हणून तर 27 वर्षांनी भारत आशियाई चषकात खेळला. 2018 ला मुंबईत रिकाम्या स्टेडियमसमोर खेळून झाल्यावर त्याने व्हिडिओत हात जोडले होते: शिव्या द्या, पण मैदानात या. पुढच्या सामन्याची तिकिटं संपली. तो त्याचा शंभरावा सामना होता आणि त्यातही त्याने दोन गोल मारले. तोपर्यंत एकूण 94 गोल. तेव्हा खेळत असलेल्यांत पुढे फक्त रोनाल्डो आणि मेस्सी. लोक म्हणतात, नेपाळ-मालदीवला मारलेल्या गोलांचं काय कौतुक! असेल. पण ते तरी आपल्याकडून दुसरं कोण मारत होतं?

यातलं त्या कामगाराला किती ऐकू गेलं देव जाणे. "जन्म सिकंदराबादचा," एवढं मात्र बरोबर ऐकू गेलं.

"सिकंदराबाद? माझी सासुरवाडी!" तो एकदम जवळ आला. तेलुगूत शेजारच्या मागावरच्याला काहीतरी ओरडला, तोही आला. आता आम्ही तिघं.

गोल झालाच नाही. शेवटची शिट्टी वाजली, त्याच वेळी ताण्याचा एक धागा तुटला. त्याने माग थांबवला. जेवणाची सुट्टी म्हणून बाकीचेही बंद झाले, आणि त्या शांततेत मोबाईलमधून पहिल्यांदा सॉल्ट लेकची गर्दी ऐकू आली. छेत्री हात जोडून मैदानाला फेरी मारत होता, डोळे पुसत होता.

"रडतोय की ओ हा."

"निवृत्त होतोय."

"वय काय?"

"एकोणचाळीस."

"माझ्याहून दोन वर्षांनी लहान," तो म्हणाला. तुटलेली टोकं चिमटीत धरून त्याने गाठ मारली, उरलेला दोरा दाताने तोडला आणि डबा उघडायला गेला.