माउंट टॅमवर ३५ किमी: मिल व्हॅली ते समुद्र, समुद्र ते ईस्ट पीक आणि परत

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी मी आणि माझी मैत्रीण सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या माउंट टॅमलपाइस (टॅम) स्टेट पार्कमध्ये आमचा आजवरचा सगळ्यात अवघड लाँग रन करून आलो. बे एरियातले आपले बरेच पळणारे मिशन पीकचा डोंगर करतात, हाफ आणि फुल मॅरेथॉनही करतात आणि मग आता पुढे काय म्हणून विचारतात, त्यांच्यासाठी सविस्तर लिहितेय.

रूट असा: मिल व्हॅलीच्या ओल्ड मिल पार्कपासून डिप्सी ट्रेलने डोंगर ओलांडून स्टिन्सन बीच, तिथून मॅट डेव्हिस ट्रेलने वर पॅनटोल (पार्कची चौकी), पुढे ओल्ड स्टेज रोडने वेस्ट पॉइंट इन (जुनं विश्रामगृह), मग रेलरोड ग्रेड ह्या जुन्या रेल्वेच्या वाटेने ईस्ट पीक (टॅमचं शिखर) आणि त्याच रेलरोड ग्रेडने खाली मिल व्हॅली. माझ्या घड्याळात ३५.८ किमी आणि साधारण १,५०० मीटर चढ. पुण्याच्या मंडळींसाठी सांगायचं तर आतकरवाडीतून सिंहगड एका दिवसात अडीच वेळा चढण्याइतकं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा रन प्लॅन करताना ३५ हा आकडा डोक्यातून काढून टाका. स्टिन्सनला १२ किमी होतात आणि वाटतं की चला एक तृतीयांश झालं, पण तिथे तुम्ही समुद्रसपाटीवर उभे असता आणि ईस्ट पीक २,५७१ फुटांवर, म्हणजे ७८४ मीटरवर, अख्खा डोंगर अजून डोक्यावर असतो. म्हणून पाणी, खाणं, वेळ, पुढे जायचं की परत फिरायचं, हे सगळं स्टिन्सन धरून ठरवा. आम्ही घरी बसून एकच नियम केला होता, साडेनऊच्या आत स्टिन्सन आलं आणि दोघींचे पाय ठीक असले तरच वर, नाहीतर बसने परत. वेस्ट मरिन स्टेजकोचची ६१ नंबरची बस स्टिन्सनहून पॅनटोलमार्गे जाते, तिचं त्या दिवसाचं वेळापत्रक आदल्या रात्रीच फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. वाटेतल्या म्युअर वुड्सच्या जंगलात मोबाइलला रेंज नसते आणि पुढेही तिचा भरवसा नाही, त्यामुळे नकाशासुद्धा ऑफलाइनच हवा.

आम्ही ६:४० ला निघालो. सुरुवातीलाच डिप्सीच्या पायऱ्या, जवळपास ७००, त्या लोकांच्या घरांना लागूनच वर जातात, तेव्हा सकाळी आवाज न करता चढा. आणि चढा म्हणजे चाला! इथे पळून काही मिळत नाही, मांड्या मात्र पहिल्या वीस मिनिटांतच भरून येतात. डिप्सीची शर्यत १९०५ पासून होतेय, वय आणि स्त्री-पुरुष बघून स्पर्धकांना आधी-नंतर सोडतात, त्यामुळे साठीच्या बाईलाही जिंकायची खरी संधी असते, मला ही पद्धत फार आवडते. पायऱ्या संपल्या की विंडी गॅप, मग म्युअर वुड्सकडे उतार, आणि तिथून कार्डिअ‍ॅक हिलपर्यंत लांबलचक चढ. ह्या चढावर हवेत ओळखीचा वास येतो, तो कॅलिफोर्निया बे लॉरेलचा. पान चुरगळून बघा, अगदी आपलं तमालपत्र, फक्त चौपट उग्र. (टॅमलपाइस नावाचा मात्र तमालपत्राशी संबंध नाही, ते इथल्या कोस्ट मिवोक लोकांच्या भाषेतून आलंय, अर्थ पश्चिमेचा डोंगर.) कार्डिअ‍ॅकवर झाडीतून बाहेर आलं की एकदम समोर पॅसिफिक. पुढचा उतार स्टीप रव्हीनमध्ये शिरतो तिथे ओल्या मुळ्या आणि उंच-सखल पायऱ्या आहेत, इथे घाई करू नका, गुडघे आणि घोटे पुढे लागणार आहेत.

९ वाजता स्टिन्सन. आणि इथेच माझी चूक झाली. दोघींकडे दोन-दोन सॉफ्ट फ्लास्क (पाण्याच्या मऊ बाटल्या) होते, नळाशी गर्दी होती म्हणून मी म्हटलं एकेकच भरू, पॅनटोल काय सहा-साडेसहा किमीवर आहे. पण ह्या साडेसहा किमीला आम्हाला दीड तास लागला! आधी झाडीतून वळणं घेत पायऱ्याच पायऱ्या, तिथवर सावली होती, आणि मग मोकळं गवताळ पठार, त्या दिवशी धुकं नव्हतं, ऊन थेट अंगावर. तिथे मैत्रिणीच्या पोटरीत गोळा आला. खाली बसली, पाय ताठ, पोटरीचा स्नायू कातडीखाली थरथरताना मला डोळ्यांनी दिसत होता. पाणी दोघींत मिळून चार घोट. मी अंगठा धरून पाऊल मागे ओढून धरलं, आणि झिपलॉकमध्ये आणलेली लिंबाच्या लोणच्याची फोड तिला दिली, तिने ती साल-बिल सगळं चावून खाल्ली. पाच-सात मिनिटांनी उठली आणि म्हणाली, "अगं, पॅनटोलला गेल्यावर बस किती वाजता आहे बघ." बघितलं, पण पॅनटोलला दोघींनी पाऊण-पाऊण लिटर पाणी प्यायलं, पोळीचे बटाट्याची भाजी भरलेले रोल खाल्ले, आणि वीस मिनिटांनी तीच म्हणाली चल. तिने स्वतःहून म्हटलं म्हणूनच गेलो, नाहीतर माझ्या चुकीपायी तिला पुढे ओढायची माझी अजिबात तयारी नव्हती. तुम्ही स्टिन्सनला निघताना निदान सव्वा लिटर पाणी घ्याच, आणि मीठ-साखर-लिंबूचं सरबत असेल तर उत्तम. गोड एनर्जी जेल तिसऱ्या तासानंतर नकोसं होतं, खजूर, चिक्की आणि काहीतरी खारट बरोबर असू द्या.

पॅनटोलनंतर सगळं सोपं होत जातं. ओल्ड स्टेज रोड रुंद आणि सौम्य चढाचा आहे, वेस्ट पॉइंट इनला पुन्हा पाणी. हे इन १९०४ चं, तेव्हा इथून आगगाडी जायची, १८९६ ते १९३० डोंगरावर रेल्वे होती, २८१ वळणांची. पायाखालचा रेलरोड ग्रेड म्हणजे त्याच गाडीचा मार्ग, आणि वाफेचं इंजिन चढू शकेल असाच काढलेला, त्यामुळे कुठेही अंगावर येत नाही, थकलेल्या पायांनीसुद्धा हळूहळू पळता येतं. म्हणूनच आम्ही तो शेवटी ठेवला, उलट दिशेने केलात तर डिप्सीच्या पायऱ्या उतरायला शेवटी येतील, तेव्हा गुडघ्यांचं काही खरं नाही.

ईस्ट पीकला दुपारी सव्वाबाराला पोचलो. वरचा शेवटचा टप्पा फळ्यांचा आणि खडकांचा आहे, चालतच जा. खाली सगळा बे, सॅन फ्रान्सिस्को, पलीकडे माउंट डायब्लो. मी दहा मिनिटं काही न बोलता बसून होते.

उतरताना सायकलवाले बरेच असतात, इअरफोन काढून ठेवा आणि वळणावर कडेला राहा. खाली मिल व्हॅलीच्या आधी रेलरोड ग्रेड मधेच तुटतो, थोडा वेळ डांबरी रस्ता लागतो, तिथे वाट चुकायला होतं, नकाशा हातात ठेवा. पावणेदोनला गाडीपाशी, एकूण सात तास पाच मिनिटं. सपाटीवर माझा पेस किलोमीटरला साडेसहा मिनिटांचा, इथे थांबे धरून जवळपास बाराचा पडला, तुम्हीही तुमचा सपाटीचा वेळ दुप्पट धरून चाला.

कधी जावं? एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर. जून ते ऑगस्ट समुद्राकडे बऱ्याचदा दाट धुकं असतं, आणि इथला पावसाळा हिवाळ्यात, तेव्हा वाटा कधीकधी बंद करतात, निघण्याआधी पार्कच्या सूचना बघा. गाडी म्युअर वुड्सला लावू नका, तिथे पार्किंगला आधी रिझर्व्हेशन लागतं. कुत्र्यांना स्टेट पार्कच्या ट्रेलवर परवानगी नाही.

आणि पॉयझन ओक, अंगाला लागलं की पुरळ आणणारं झाड. तीन-तीन चकचकीत पानं, मॅट डेव्हिसच्या कडेला भरपूर. आपल्या खाजकुयलीसारखं लगेच कळत नाही, एक-दोन दिवसांनी पुरळ येतं, आणि त्याचं तेल कपड्यांवर, बुटांच्या लेसवर तसंच राहतं. लांब मोजे घाला, घरी गेल्यावर सोफ्यावर टेकायच्या आधी कपडे थेट मशीनमध्ये टाका, पाय साबण आणि गार पाण्याने धुवा, आणि हो, लेसही धुवा, माझ्या मनगटावर पुरळ आलं ते दुसऱ्या दिवशी बूट उचलून ठेवले त्यामुळेच.