स्वयंपाकघरातला जोडवर्ग

एप्रिल महिन्यात बाबा आमच्याकडे राहायला आले होते. एके दिवशी अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या लँकेस्टर काउंटीतल्या एका आडरस्त्याने आम्ही शेतावरचे बटाटे आणायला निघालो असताना त्यांनी एकाएकी गाडी थांबवायला सांगितली. कुंपणापलीकडे आमिश लोकांची, म्हणजे आधुनिक साधने टाळून साधेपणाने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची, एका खोलीची शाळा होती. पायाने ढकलत चालवायच्या स्कूटर भिंतीशी ओळीने टेकवून ठेवल्या होत्या, मधली सुट्टी चालू होती आणि पहिलीपासून आठवीपर्यंतची सगळी पोरे एकाच मैदानात एकाच चेंडूमागे धावत होती. त्यांची शिक्षिका फार तर विशीतली असावी. या शाळांत आठही इयत्तांना बहुधा एकच शिक्षिका असते आणि तीही सहसा आठवीपर्यंतच शिकलेली असते, हे मी बाबांना सांगितले. त्यांनी फोटो काढायला फोन बाहेर काढला. आमिश लोकांना फोटो काढलेले आवडत नाही, असे म्हणून मी तो परत खिशात ठेवायला लावला. बाबा कुंपणाशी बराच वेळ उभे राहिले आणि मग म्हणाले, "हा तर जोडवर्ग आहे. आणि तू घरी शिकणाऱ्या तीन पोरांसाठी अभ्यासक्रमाची तीन खोकी मागवून बसली आहेस."

बाबांनी सातारा जिल्ह्यात, जावळी तालुक्यातल्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या एकशिक्षकी शाळेत अनेक वर्षे काढली. पहिली ते चौथीचे चारही वर्ग एकाच खोलीत आणि त्यांच्या एकट्याच्या अंगावर असत. त्यामुळे खोक्यांचा विषय त्यांना लागणे स्वाभाविक होते आणि मला तो झोंबणेही स्वाभाविक होते.

खोक्यांची कथा अशी आहे. आमची मुले शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. गावाकडे हे सांगितले की पहिला प्रश्न येतो, "का, काही झाले का?" तसे काही झालेले नाही. नवऱ्याच्या कामामुळे तीन वर्षांत आम्ही तीन गावे बदलली, प्रत्येक गावच्या शाळेत गणिताचा क्रम वेगळा निघाला आणि थोरलीचे अपूर्णांक दोनदा झाले तरी दशांश अपूर्णांक एकदाही झाले नाहीत. हे माझ्या ध्यानात आले तेव्हा ती सहावी संपवत होती. कोणत्याही एका शाळेला मी दोष देत नाही, पण पुढची बदली होईपर्यंत वाट पाहत बसायची माझी तयारी नव्हती. ही आमची हौस आहे असे आत्या म्हणते. हौस म्हणून आम्ही हे केलेले नाही, एवढे तरी तिने लक्षात घ्यावे.

पेनसिल्व्हेनियात घरच्या शाळेसाठी १९८८ सालापासून कायदा आहे आणि तो बऱ्यापैकी कडक आहे. दरवर्षी १ ऑगस्टपर्यंत नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करून शाळा-जिल्ह्याला, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेला, द्यायचे, वर्षात १८० दिवस भरायचे, काय वाचले आणि काय केले याची त्या त्या वेळी नोंद ठेवायची, तिसरी, पाचवी आणि आठवीला प्रमाणित चाचणी द्यायची, आणि वर्षअखेरीस पात्र मूल्यमापकाने मुलांशी बोलून व कामाची फाइल पाहून दिलेला दाखला ३० जूनपर्यंत पोहोचवायचा. चाचणी आईबापांनी स्वतः घ्यायची नाही. विषयांच्या यादीत इंग्रजी, गणित, विज्ञान, या राज्याचा इतिहास, संगीत हे सगळे आहेच. त्याशिवाय 'आगीचे धोके आणि त्यांचा प्रतिबंध' यांचे नियमित आणि सातत्याने शिक्षण द्यावे, असेही कायद्यात लिहिलेले आहे. आमच्या घरी हे शिक्षण मिरचीच्या फोडणीमुळे नियमित आणि सातत्याने होत असते. अलार्म वाजला की तिन्ही मुले ठरल्या वाटेने अंगणातल्या मेपलखाली जाऊन उभी राहतात.

कोणती पुस्तके वापरायची, हे मात्र हा कायदा सांगत नाही. आईकडे बारावीपर्यंतच्या शिक्षणाचा दाखला असला की पुरे, पुढची निवड तिची. या विश्वासाचे मला कौतुक वाटले आणि त्याच कौतुकाच्या भरात गेल्या ऑगस्टमध्ये मी एका मोठ्या प्रकाशकाकडून तयार अभ्यासक्रमाची तीन खोकी मागवली: सातवीचे, तिसरीचे आणि बालवर्गाचे. प्रत्येकात ३६ आठवड्यांचे वेळापत्रक आणि आईसाठी जाडजूड मार्गदर्शिका होती.

त्या मार्गदर्शिकेबद्दल मला जरा सविस्तर बोलू द्या. तीत आईने काय बोलायचे ते ठळक अक्षरांत छापलेले असते, मुलाने काय उत्तर द्यायचे ते तिरप्या अक्षरांत असते, आणि मुलाने तसे उत्तर दिले नाही तर आईने काय म्हणायचे तेही कंसात असते. 'मुलाकडे पाहून स्मित करा' अशीही एक सूचना होती. तीन मुले, प्रत्येकी सहा विषय आणि प्रत्येक धड्याला वीस मिनिटे धरली, तर माझ्या एकटीच्या बोलण्याचे सहा तास होतात. त्यात भांडणे, दूध सांडणे आणि कुरिअरवाला धरलेला नाही. सकाळी नऊला मी मध्ययुगीन युरोपात असे, पावणेदहाला अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात आणि साडेदहाला 'आपले मदतनीस: पोस्टमन' या पाठात. एकाला शिकवत असताना उरलेली दोघे माझी वाट पाहत बसत, किंवा न बसता उद्योग करत. मधल्याला थोरलीच्या पुस्तकातले किल्ले हवे असत, पण ते त्याच्या खोक्यात नव्हते, म्हणून मी त्याला "हे तुझे नाही" असे म्हणत असे. हे वाक्य मार्गदर्शिकेत छापलेले नव्हते, ते माझे स्वतःचे होते.

खोकी घेण्याआधी आणखी एका प्रकाशनाची पुस्तके मी चाळली होती. इथला घरच्या शाळेचा पुस्तकबाजार मोठ्या प्रमाणावर ख्रिस्ती कुटुंबांसाठी चालतो आणि त्यात वावगे काही नाही. पण त्या विज्ञानाच्या पुस्तकात पृथ्वीचे वय काही हजार वर्षे दिलेले पाहून मी ते मिटले. आमच्याही घरी गणपती बसतो, आरतीच्या वेळी त्याच्या जन्माची गोष्ट सांगितली जाते, मात्र ती भूगर्भशास्त्राच्या तासाला सांगितली जात नाही. तेव्हापासून कोणताही संच घेण्याआधी मी विज्ञानाचे पुस्तक शेवटून उघडते आणि सूचीत जीवाश्म कुठे आहेत ते पाहते.

कुंपणापासून परत येताना बाबांना मी विचारले की चार वर्ग ते नेमके कसे चालवत. ते म्हणाले की विषयांचे आधी दोन ढीग करायचे. एक पायरी चुकली की पुढचे सगळे अडते, असे विषय ज्याच्या त्याच्या पायरीवर आणि थोडाच वेळ घ्यायचे. गणित आणि वाचन-लेखन या ढिगात. बाकी सगळे, म्हणजे गोष्टी, परिसर अभ्यास, इतिहास, कविता, चारही वर्गांना एकत्र. चौथीला गणित समजावत असताना पहिलीची पोरे चिंचोके मोजत, तिसरी पाटीवर लिहीत असे आणि दुसरीला बाराखडी वाचून दाखवायचे काम चौथीतल्याच एखाद्या शहाण्या मुलीकडे असे. "ती मुलगी शिकत कधी होती?" मी जरा खवचटपणेच विचारले. "शिकवताना," बाबा म्हणाले. गंमत म्हणजे इथल्या जाणत्या आयाही हेच करतात. शार्लट मेसन या इंग्रज शिक्षिकेचे नाव घेऊन त्या सगळ्यांना मिळून एक पुस्तक वाचून दाखवतात आणि ऐकलेले ज्याला त्याला आपल्या शब्दांत सांगायला लावतात. मी ते वाचलेही होते. पण बाबांनी सांगेपर्यंत ते मला पटले नव्हते, हे कबूल करायला हवे.

मे महिन्यात आम्ही खोकी बाजूला ठेवली आणि सगळ्यांसाठी एकच इतिहास घेतला, तोही अगदी प्राचीन काळापासून. मोहेंजोदडोच्या पाठाच्या दिवशी मी जाडी, रुंदी आणि लांबी १:२:४ या प्रमाणातली सिंधू संस्कृतीची वीट सांगितली आणि बाबांनी पोळ्यांसाठी मळलेली कणीक परातीसकट टेबलावर आणली. धाकटीने विटा मोजल्या. मधल्याने पट्टीने मोजून एक इंच जाड, दोन इंच रुंद आणि चार इंच लांब अशी वीट कापली आणि प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट आहे हे स्वतःच ओरडून सांगितले. थोरलीने प्रमाण तेच ठेवून जाडी अडीच इंच धरली तर बाकीची मापे किती होतील ते काढले आणि मग सांडपाण्याच्या गटारांवर एक पानभर लिहिले. नोंदवहीत मी त्या दिवशी इतिहास, गणित आणि कला असे तीन विषय लिहिले. त्या विटांच्या संध्याकाळी पोळ्या झाल्या आणि त्या वातड लागल्या.

गणिताची पुस्तके मात्र आता तिघांची तीन आहेत आणि ती वयावरून घेतलेली नाहीत. बहुतेक चांगले प्रकाशक पातळी ठरवण्याची चाचणी फुकट देतात. ती घेतल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत. मधल्यासाठी सिंगापूर मॅथ घेतले आहे आणि जोडीला बीस्ट अकॅडमीची पुस्तके, ज्यांत राक्षसांची पोरे चित्रकथेतून गणित करतात. थोरली चाचणीत दशांश अपूर्णांकांपाशी अडकली आणि पाचवीच्या पातळीवर आली. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. शेवटी पुस्तकाच्या पाठीवरच्या ५ या आकड्यावर मी बटाट्याच्या पिशवीवरचे लेबल चिकटवले आणि तिने सात आठवड्यांत ते पुस्तक संपवले.

आठवीच्या बीजगणितासाठी मी शाळा-जिल्ह्याच्या कार्यालयात गेले. मागणी केल्यास घरच्या शाळेला जिल्ह्याने आपली पाठ्यपुस्तके उसनी द्यावीत, असे कायद्यात आहे, पण आपल्याकडचा अनुभव गाठीशी असल्यामुळे मी अर्ज, त्याची प्रत आणि प्रतिज्ञापत्राची छायाप्रत घेऊन गेले होते. तिथल्या बाईंनी त्यातले काहीही मागितले नाही आणि दहा मिनिटांत शिक्षकांच्या प्रतीसह पुस्तके ढकलगाडीवर घालून माझ्या गाडीपर्यंत आणून दिली. मी हे घरी भारावून सांगितले तेव्हा बाबा शांतपणे म्हणाले की बालभारतीची मोफत पुस्तके ते स्वतः घाट चढून खांद्यावरून वाडीवर नेत आणि पहिल्याच दिवशी प्रत्येक पोराच्या हातात देत. यावर मला बोलायला काही राहिले नाही. तीच बालभारतीची मराठीची पुस्तके मी आता संकेतस्थळावरून उतरवून घेते.

बाबांना सगळेच पटले असे नाही. जोडवर्गात पोरे परक्यांशी भांडायला शिकतात, तुझी एकमेकांशीच भांडतात, असे ते जाता जाता म्हणाले. आठवड्यातून एकदा आम्ही को-ऑपमध्ये, म्हणजे घरी शिकवणाऱ्या कुटुंबांनी मिळून चालवलेल्या वर्गांना, जातो, पोहण्याचा वर्ग आहे, ग्रंथालयातला गट आहे, हे मी त्यांना सांगितले आणि सांगताना माझा आवाज गरजेपेक्षा जरा चढलाच.

जूनमध्ये जुन्या पुस्तकांच्या विक्रीत दोन खोकी निम्म्या किमतीला गेली. बालवर्गाचे तसेच राहिले आहे. धाकटी आता सहा वर्षांची झाली, म्हणजे येत्या ऑगस्टला प्रतिज्ञापत्रे दोनाऐवजी तीन करावी लागतील, आणि तिच्यासाठी काय घ्यावे याचा शोध मी पुन्हा सुरू केला होता. पण बाबांनी परत जाण्यापूर्वी आखून दिलेले वेळापत्रक फ्रिजवर लावलेले आहे. त्यात तिच्या रकान्यात वाचन आणि चिंचोके एवढेच दोन तास आहेत. बाकी सगळ्या चौकोनांत त्यांच्या वळणदार अक्षरात 'ऐकणे' असे लिहिलेले आहे. चिंचोके इथे मिळत नाहीत, म्हणून आम्ही राजमा घेतला.

सकाळी साडेआठला, म्हणजे तिकडच्या संध्याकाळी सहाला, बाबा फोनवरून सवाईकी, म्हणजे सव्वाचे पाढे, घेतात. काल मधल्याने सहा सवा साडेसात असे बरोबर सांगितले, थोरलीने ते वहीत अपूर्णांकांत गुणून पडताळले, आणि धाकटीने फोनजवळ तोंड नेऊन विचारले, "आजोबा, सवा म्हणजे किती?"

"तू आत्ता नुसते ऐक," बाबा म्हणाले.