ब्रॅकेट राहू द्या, आधी भिंत दाखवा

"भाऊ, स्पीकर भिंतीवर लावायचे आहेत, चांगलं ब्रॅकेट कोणतं?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतही विचारतात. घरोघरी साउंड बसवून देणं हेच माझं काम, त्यामुळे तक्रार काही नाही. पण प्रश्नामागोमाग मोबाइलवर फोटो येतो तो हमखास ब्रॅकेटचा. भिंतीचा आणि सोफ्याचा फोटो कुणी पाठवत नाही. मला आधी तेच दोन लागतात.

नागपुरात भिंतींचे नमुने फार. महाल-इतवारीतल्या जुन्या घरांत भिंती जाडजूड, विटा पक्क्या, पण सांध्यात बऱ्याचदा माती नाहीतर चुना. ड्रिल सांध्यात गेलं की गिट्टी, म्हणजे स्क्रू धरणारी प्लास्टिकची नळी, नुसती गरगर फिरते. तिथे दोन इंच इकडे-तिकडे सरकून वीटच गाठावी लागते. बेसा, मनीषनगरकडच्या फ्लॅटमध्ये राखेच्या करड्या विटा दिसतात. कोराडी आणि खापरखेड्याची वीज केंद्रं शेजारीच असल्यावर राखेला काय तोटा! अलीकडच्या इमारतींमध्ये एएसी, म्हणजे हवेचे बुडबुडे असलेल्या काँक्रीटचे ब्लॉक असतात, वजनाला हलके आणि आतून सच्छिद्र. त्यात ड्रिल हॅमरवर, म्हणजे ठोके देत चालवलं की भोक फुगतं आणि गिट्टी सैल बसते. हॅमर बंद करून नुसत्या फिरक्या बिटने भोक पाडायचं आणि त्या ब्लॉकसाठी मिळते तीच लांब, खोल खाचांची गिट्टी वापरायची.

भिंत कशाची आहे हे घरमालकाला विचारून उपयोग नसतो. बिटमागून पडणारी भुकटी बघावी. आधी पुट्टीचा पांढरा भुगा पडतो, मग छपाईच्या, म्हणजे प्लास्टरच्या सिमेंटचा करडा. त्यानंतर लाल आला तर मातीची वीट, करडाच राहिला तर राखेची वीट किंवा काँक्रीट, आणि बिट लोण्यासारखं आत जाऊन पांढुरका भुगा पडला तर ब्लॉक. बिट किंचाळायला लागलं, पुढे सरकेना, तर कॉलम किंवा बीम लागला समजा. सळई लागली तर जोर न करता जागा बदला. आतली छपाई साधारण अर्धा इंच जाड असते. छोटी गिट्टी तेवढ्यातच अडकून राहते आणि सहा महिन्यांनी पापुद्र्यासकट बाहेर येते. गिट्टीचा जवळजवळ सगळा भाग विटेत गेला पाहिजे.

आता ब्रॅकेटच्या डब्यावर लिहिलेलं वजन. "दहा किलो" लिहिलंय ते त्या लोखंडाचं बळ झालं. तुमच्या भिंतीतल्या गिट्टीबद्दल तो डबा काहीच बोलत नाही. समजा स्पीकर पाच किलोचा, त्याचं वजन भिंतीपासून १५ सेंटीमीटर पुढे लोंबतंय, आणि ब्रॅकेटच्या पट्टीचे वरचे-खालचे स्क्रू सहा सेंटीमीटर अंतरावर आहेत. वरच्या स्क्रूवर बाहेर ओढणारा ताण साडेबारा किलोच्या आसपास जातो. म्हणून लांब दांडीच्या, इकडे-तिकडे वळणाऱ्या देखण्या ब्रॅकेटपेक्षा मला उंच पट्टीचं, आखूड दांडीचं ब्रॅकेट आवडतं. दुहेरी टेपने चिकटवायचे प्रकारही लोक दाखवतात. टेप रंगाला धरते, रंग पुट्टीला, आणि मे महिन्यात पश्चिमेची भिंत तापली की कुणीच कुणाला धरत नाही.

स्पीकरच्या पाठीकडेही बघा. काहींना किल्लीच्या भोकासारखी खाच असते; अशांना भिंतीत डोक्याचा स्क्रू पुरतो, फक्त स्पीकर वळवता येत नाही. काहींना आटे पाडलेलं भोक असतं, पाव इंची नाहीतर एम-६, म्हणजे सहा मिलिमीटरचं. हे दोन्ही दिसायला जवळपास सारखे, पण आटे वेगळे. दोन फेऱ्यांनंतर स्क्रू अडतोय असं वाटलं तर थांबा, जबरदस्ती केली की आटे मरतात. पाठीला काहीच नसेल तर खोक्यात स्वतः स्क्रू मारू नका. दोन बाजूंनी आवळणारं, आत रबर असलेलं ब्रॅकेट घ्या, किंवा सरळ छोटी फळी ठोका. आणि हवेचं भोक पाठीमागे असेल तर स्पीकर भिंतीला चिकटवू नका. चार बोटं तरी मागे राहू द्या, नाहीतर खर्ज नुसता घुमतो.

उंचीबाबत बहुतेकांचा आग्रह एकच, "छताजवळच्या कोपऱ्यात लावा, मुलांचा हात पोचत नाही." मला तो पटत नाही. भिंतीजवळ खर्ज वाढतोच. दोन भिंती आणि छत भेटतात तिथे सगळ्यात जास्त वाढतो, आणि हिरो पडद्यावर अन् संवाद पंख्याजवळून, असा प्रकार होतो. पुढच्या दोन स्पीकरचं ट्विटर, म्हणजे बारीक, उंच आवाज काढणारा छोटा भाग, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर हवं, म्हणजे जमिनीपासून तीन ते साडेतीन फूट. मागचे कानापेक्षा फूट-दोन फूट वर चालतात, तोंड किंचित खाली करून. आपल्याकडे सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असतो, मग "मागचे" स्पीकर लावायचे कुठे? बाजूच्या भिंतींवर, बसणाऱ्याच्या कानाच्या रेषेत. सोफा फूटभर पुढे आला तर फारच छान, पण घरातल्या काकू त्याला परवानगी देतील तर!

आणि कूलर. खिडकीतला कूलर हॉलमध्ये कुठे वारा सोडतो ते बघितल्याशिवाय मी भिंतीवर पेन्सिल लावत नाही. त्या ओल्या झोतात स्पीकर आला तर खोक्याचा एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी, फुगतो आणि वायरची टोकं काळवंडतात. शिवाय कूलरच्या घरघरीत संवाद ऐकू येत नाहीत, म्हणून आवाज वाढवला जातो, आणि ब्रॅकेटचा एखादा सांधा सैल असेल तर तो तेव्हा झणझणायला लागतो. दर उन्हाळ्यात "स्पीकर फाटला" म्हणून फोन येतात. आधी हाताने स्पीकर दाबून धरा. झणझण थांबली तर पान्हा पुरेसा आहे.

भोक पाडायच्या जागेखाली किंवा वर स्विचबोर्ड असेल तर ती सरळ रेष सोडा, आतून वायरिंगचा पाइप जातो. न्हाणीघराच्या सामाईक भिंतीला तर हात लावण्याआधी प्लंबरला विचारा. आठ मिलिमीटरची गिट्टी तर आठचंच बिट. भोकातली भुकटी फुंकून काढा, नाहीतर गिट्टी पूर्ण बसत नाही. स्पीकरची वायर तांब्याची, दीड चौरस मिलिमीटरची साधारण हॉलला पुरते. ती विजेच्या पाइपमध्ये कोंबू नका, वायर झाकायची वेगळी पट्टी टाका. ब्रॅकेट बसल्यावर स्पीकर टांगायच्या आधी त्याला हाताने खाली ओढून बघा, चांगला जोर लावून.

भाड्याच्या घरात असाल तर मी काहीच ठोकू देत नाही. दोन स्टँड घ्या, पायथ्यात वाळू भरा. घर बदललं की सोबत येतात, आणि डिपॉझिटमधून भोकांचे पैसे कापले जात नाहीत.