दिराचं लायसन्स, एसआर-२२ आणि आमच्या घरचा विमा

आम्ही टेक्सासमध्ये फ्रिस्कोला राहतो. डार्टची, म्हणजे डॅलस भागातल्या लोकल ट्रेनची, रेड लाइन आमच्या गावाआधीच, प्लॅनोच्या पार्कर रोडला संपते, त्यामुळे गाडी नसेल तर माणूस घरात अडकतो. माझा दीर आमच्याकडेच असतो. पोलिसांनी एका रात्री त्याची गाडी थांबवली, त्याने दारूसाठीची श्वासाची तपासणी करू दिली नाही आणि लायसन्सच्या सुनावणीतही निकाल विरुद्ध गेला. लायसन्स १८० दिवसांसाठी निलंबित. फौजदारी खटला वेगळा, तो वकील बघतोय. पण त्याचं ऑफिस अर्विंगला आणि व्हिसा नोकरीवरच टिकणारा, एच-१बी. नोकरी सुटली तर दुसरी शोधायला हातात जास्तीत जास्त ६० दिवस. रोज टॅक्सी परवडणारी नव्हती, नवऱ्याची ड्यूटी उलट्या दिशेला.

टेक्सासमध्ये अशा वेळी ऑक्युपेशनल लायसन्स मिळतं: नोकरी, शिक्षण आणि घरची अत्यावश्यक कामं, एवढ्यापुरतंच. ते कोर्टाकडून मागावं लागतं. अर्जाचं काम वकिलाने केलं. विम्याचं मी अंगावर घेतलं, कारण घरातल्या सगळ्या गाड्यांची पॉलिसी पहिल्यापासून मीच बघते.

अडचण तिथेच होती. या लायसन्ससाठी नेहमीचं विम्याचं कार्ड चालत नाही, एसआर-२२ लागतो. म्हणजे विमा कंपनीने राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा खात्याला, डीपीएसला, परस्पर कळवायचं की या माणसाचा किमान विमा चालू आहे. ही किमान मर्यादा एका जखमी माणसामागे ३०,००० डॉलर, एका अपघातातल्या सगळ्या जखमींसाठी ६०,००० आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी २५,०००. मी ज्या कंपनीला फोन करावा ती विचारायची, लायसन्स चालू आहे का? नाही म्हटलं की, आधी लायसन्स आणा. आणि वकील सांगत होता, अर्जासोबत एसआर-२२ हवा. हे चक्र फोडलं लुइसव्हिलच्या एका स्वतंत्र एजंटबाईंनी. त्या म्हणाल्या, ‘निलंबित लायसन्सवर विमा द्या असं म्हणूच नका. ऑक्युपेशनल लायसन्सच्या अर्जासाठी एसआर-२२ हवाय, एवढंच सांगा.’ जास्त जोखमीचे ग्राहक घेणाऱ्या कंपनीकडे त्यांनी त्याच दिवशी काम करून दिलं. हप्ता मात्र आधीच्या दुपटीपुढे गेला. दिवसातून मोजकेच तास गाडी चालवणार म्हणून कोणी एक डॉलरही कमी केला नाही.

दुसरा प्रश्न आमच्या पॉलिसीचा. एका घरात राहणारा दीर आमच्याही कागदावर होता. आमच्या कंपनीने दोनच मार्ग ठेवले: सगळ्यांचा हप्ता वाढवा, नाहीतर त्याला नावानिशी वगळा. आम्ही वगळलं. यावर सही करण्याआधी नीट विचार करा, अगदी कळकळीने सांगते. वगळलेल्या माणसाने आमची गाडी चालवली आणि काही झालं, तर आमची कंपनी एक पैसाही देत नाही. त्याचा एसआर-२२ त्याच्या स्वतःच्या गाडीपुरता आहे. सासूबाई इथे आलेल्या असताना मनात यायचंच, रात्री काही झालं आणि आम्ही दोघं बाहेर असलो तर? म्हणून आमच्या गाडीच्या किल्ल्या दिराच्या हाताशी राहणार नाहीत असं ठरवलं. तो स्वतःच म्हणाला, ‘वहिनी, तुम्ही त्या तुमच्या खोलीतच ठेवा.’

कोर्टाच्या आदेशात वार, वेळा, कारणं आणि काउंट्या (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे भाग) लिहिलेल्या असतात. आमच्या मसुद्यात कॉलिन आणि डॅलस एवढंच होतं. पण त्याचा १२१ नंबरच्या हायवेवरचा रस्ता मध्ये डेंटन काउंटीतून जातो. वकिलाला सांगून तेही घालून घेतलं. २४ तासांत ४ तास मिळाले. गरज पटवून दिली तर न्यायाधीश १२ तासांपर्यंत देऊ शकतात. त्याचं सकाळ-संध्याकाळचं येणं-जाणं ४ तासांत बसत होतं आणि शनिवारी किराण्यासाठीही वेळ मिळाली. आखून दिलेल्या वेळेबाहेर चालवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

आदेशावर सही झाल्यापासून ४५ दिवस तो कागदच लायसन्स म्हणून चालतो. तेवढ्यात अर्जाची आणि आदेशाची प्रमाणित प्रत, एसआर-२२ आणि वर्षाचे १० डॉलर डीपीएसकडे पाठवायचे. लायसन्सचं कार्ड आल्यावरही आदेश गाडीत ठेवावाच लागतो. न्यायाधीशांनी नोंदवहीही ठेवायला सांगितली होती. गाडीच्या कप्प्यात साधी रेघांची वही: तारीख, निघालो, पोचलो, कशासाठी. रोज इंजिन बंद केलं की उतरण्याआधी तो चार शब्द लिहितो.

आता माझं लक्ष हप्त्यावर असतं. पॉलिसी खंडित झाली की कंपनी डीपीएसला कळवते आणि लायसन्स पुन्हा जातं. म्हणून तो हप्ता मी माझ्या खात्यातून आपोआप जाईल असा लावलाय. १८० दिवस संपले तरी १२५ डॉलर भरल्याशिवाय नेहमीचं लायसन्स परत मिळत नाही. आणि खटल्यात दोषी ठरून पुन्हा निलंबन आलं, तर दोषी ठरल्याच्या तारखेपासून २ वर्षं एसआर-२२ चालू ठेवावा लागेल. तोपर्यंत ही पॉलिसी बदलायची नाही, हे मी दिराला आणि एजंटबाईंना दोघांनाही सांगून ठेवलंय.