त्याच्या आधी कोण?

विक्रम मोडला की पेपरात दोन फोटो येतात. एक मोडणाऱ्याचा, ऐसपैस, बॅट उंचावलेला. दुसरा ज्याचा मोडला त्याचा, कोपऱ्यात, बहुधा कृष्णधवल. १९८३ साली गावसकरांनी मद्रासला तिसावं कसोटी शतक काढलं, तेव्हा ब्रॅडमनना ज्यांनी कधी बघितलंही नव्हतं अशा पोरांनाही त्यांचा २९चा आकडा पाठ झाला. मला तो कोपऱ्यातला फोटो कायम जास्त आवडत आला आहे. विक्रम मोडला जाणं हासुद्धा एक मान आहे. आपल्याला गाठायला कुणाला तरी वर्षानुवर्षं घाम गाळावा लागला, याची ती जाहीर पावती असते.

रॉजर कॉनरला ही पावती मिळालीच नाही.

बेसबॉल म्हटलं की आपल्याकडे एकच नाव निघतं, बेब रूथ. ७१४ होमरन. होमरन म्हणजे आपल्या षटकाराचा अमेरिकन भाऊ, फक्त चेंडू प्रेक्षकांत गेल्यावरही मैदानातल्या चार बेसना, म्हणजे चार ठरलेल्या ठिकाणांना, पाय लावून घरी, म्हणजे निघालो तिथेच, परत यावं लागतं, तेव्हा धाव होते. रूथच्या ७१४ पर्यंत कोण पोहोचणार याची चर्चा अमेरिकेने पिढ्यानपिढ्या केली. पण रूथने कुणाला मागे टाकलं, हे विचारायचं बराच काळ कुणाला सुचलंच नाही.

तर, त्याने मागे टाकलं कॉनरला. १८८० ते १८९७ असे अठरा मोसम खेळून कॉनरने १३८ होमरन मारले होते. १८ जुलै १९२१ रोजी डेट्रॉइटमध्ये रूथने आपला १३९वा मारला आणि विक्रम त्याच्या नावावर झाला. गाजावाजा काही नाही, कारण मुळात कॉनरच्या होमरनची कुणी नीट बेरीजच करून ठेवली नव्हती. कॉनर तेव्हा हयात होता. चौसष्ट वर्षांचा, कनेटिकट राज्यातल्या वॉटरबरी या आपल्या जन्मगावी राहणारा, शहरातल्या शाळांचा इन्स्पेक्टर म्हणून नोकरी केलेला माणूस. आपला विक्रम गेला हे त्याला कळायचं काही कारण नव्हतं. तो आपल्याकडे होता हेही त्याला माहीत असेल असं मला वाटत नाही.

आयरिश स्थलांतरिताचा हा मुलगा सव्वासहा फूट उंच आणि वजनाला शंभर किलो. त्या काळात अशी माणसं रस्त्यात दिसली तरी लोक वळून बघत असणार. न्यूयॉर्कच्या संघात तो १८८३ मध्ये आला. १८८५ च्या सुमारास मॅनेजर जिम म्युट्री आपल्या धिप्पाड खेळाडूंकडे बघून ‘माझे जायंट्स!’ असं ओरडला आणि संघाला नाव पडलं, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट थोडी फुगवलेली असेल. पण त्या संघात नजर आधी कुणावर जात असेल, हे सांगायला नको.

तो जमाना होमरनचा नव्हताच. शक्यतो एकच चेंडू डावामागून डाव चालायचा, मार खाऊन खाऊन मऊ पडायचा, मातीने आणि थुंकीने काळा व्हायचा. मैदानं अवाढव्य. नियमही गमतीचे: १८८६ पर्यंत बॅटरला चेंडू वर हवा की खाली हे आधी सांगता यायचं आणि पिचरला, म्हणजे गोलंदाजाला, तसा टाकावा लागायचा. भाजीवालीला ‘कोवळी बघून दे’ म्हणावं तसं. एवढी सोय असूनही मोसमाला दहा-बारा होमरन म्हणजे डोक्यावरून पाणी. एका मोसमात कॉनरने जास्तीत जास्त मारले ते सतरा, १८८७ मध्ये. होमरनमध्ये लीगमध्ये पहिला तो आयुष्यात एकदाच आला, १८९० मध्ये, तेही चौदा मारून, आणि खेळाडूंनी मालकांशी भांडून काढलेल्या, वर्षभरात बंद पडलेल्या लीगमध्ये. म्हणजे सगळ्यांत जास्त होमरन मारणारा माणूस ‘होमरनवाला’ म्हणून ओळखलाच जात नव्हता.

पण मारायचा तेव्हा असा मारायचा की बास. १० सप्टेंबर १८८१. तेव्हा तो ट्रॉय या छोट्या शहराच्या संघात होता. समोर वूस्टरचा संघ, शेवटचा डाव, दोन बाद (तिसरा गेला की डाव संपला), ट्रॉय तीन धावांनी मागे आणि तिन्ही बेसवर माणसं उभी. पिचर ली रिचमंड, म्हणजे ज्याने आदल्याच वर्षी एकाही बॅटरला बेसवर पोहोचू न देता अख्खा सामना काढला होता तो. कॉनरने होमरन मारला, चौघे घरी आले, सामना ८-७ असा खिशात. मोठ्या लीगमधला चार धावांचा हा पहिलाच होमरन.

आणि ११ सप्टेंबर १८८६. न्यूयॉर्कचं जुनं पोलो ग्राउंड्स, समोर बॉस्टनचा चार्ल्स रॅडबोर्न. या रॅडबोर्नने १८८४ मध्ये ५९ सामने जिंकले की ६०, यावर अभ्यासक अजून वाद घालतात, म्हणजे हिशेबाचा घोळ एकट्या कॉनरच्या वाट्याला आलेला नाही. तर कॉनरने त्याचा चेंडू असा उचलला की तो उजवीकडच्या कुंपणावरून थेट बाहेर, ११२व्या रस्त्यावर. शेअर बाजारातले काही दलाल सामना बघत बसले होते. ती मंडळी इतकी खूश झाली की तिथल्या तिथे पैसे गोळा करून त्यांनी कॉनरला पाचशे डॉलरचं सोन्याचं घड्याळ दिलं. वॉटरबरी हे घड्याळांच्या कारखान्यांचं गाव. तिथल्या पोराला बक्षीस काय, तर घड्याळ! मोजायचेच होते, तर दलालांनी निदान होमरन मोजून ठेवायला हवे होते.

ही बेरीज व्हायला पुढे हँक आरन यावा लागला. ८ एप्रिल १९७४ रोजी अटलांटात आरनने ७१५वा होमरन मारून रूथला मागे टाकलं आणि मग लोकांना प्रश्न पडला: रूथच्या आधी कोण? जुन्या वर्तमानपत्रांतले सामन्यांचे तक्ते चाळत, लीगमागून लीग, मोसमामागून मोसम आकडे जुळवणारी चिकट माणसं कामाला लागलेलीच होती. मला या माणसांबद्दल खेळाडूंइतकाच आदर आहे. धुळीने शिंका येत असताना १८८२ चा एखादा होमरन सापडल्यावर त्यांना जो आनंद होत असेल, त्याला स्टेडियममधली कुठली आरोळी पुरी पडणार? उत्तर निघालं, कॉनर. दोन वर्षांत, १९७६ मध्ये, तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेला. त्याला हे जग सोडून तेव्हा पंचेचाळीस वर्षं झाली होती. वॉटरबरीतल्या त्याच्या कबरीवर दगड नव्हता. तो २००१ मध्ये बसला, तोही लोकांनी वर्गणी काढून.

जायंट्स १९५८ मध्ये न्यूयॉर्क सोडून सॅन फ्रान्सिस्कोला गेले. माझा मावसभाऊ तिकडे फ्रीमाँटला राहतो आणि रविवारी भाजी आणायला जाताना जायंट्सची टोपी घालतो. त्याला व्हिडिओ कॉलवर हे सगळं सांगितलं, तर पहिला प्रश्न, ‘किती मारले म्हणालास?’

‘एकशे अडतीस.’

‘एवढेच? रूथने एकट्या १९२१ मध्ये ५९ मारलेत.’

त्याचं खरं आहे. मग मी दुसरा आकडा काढला. ट्रिपल, म्हणजे चेंडू मैदानातच आहे, क्षेत्ररक्षक तो आणायला धावताहेत आणि बॅटर जीव खाऊन तिसऱ्या बेसपर्यंत पोहोचतो. कॉनरचे ट्रिपल २३३. रूथचे १३६. आरनचे ९८.

‘थांब थांब,’ तो म्हणाला. ‘शंभर किलोचा ना हा?’

‘हो.’

‘आणि पळायचा?’

‘पळायचा. बेसही चोरायचा, म्हणजे पिचरचं लक्ष चुकवून पुढच्या बेसवर पळायचा, दोनशेच्या वर वेळा.’

‘मग तुमच्या त्या दलालांनी घड्याळ दिलं ते बरोबरच दिलं की,’ तो म्हणाला. ‘वेळ लावून बघायला पाहिजे होता असला माणूस!’