जेन्किन्सला बाहेरचं लॉगिन जोडलं, पण घोडं अडलं एका पत्त्यावर

टीममधल्या प्रत्येकाचा जेन्किन्सवर (कोड आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणाऱ्या आमच्या सर्व्हरवर) वेगळा पासवर्ड, आणि कोणी सोडून गेलं तरी त्याचं खातं चालूच. हा प्रकार थांबवायचा म्हणून ओपनआयडी कनेक्टचं, म्हणजे बाहेरच्या एकाच खात्याने आत येण्याचं, लॉगिन लावायला घेतलं. प्लगइन टाकलं, लॉगिन पुरवणाऱ्यांनी दिलेला क्लायंट आयडी आणि सीक्रेट (जेन्किन्सची ओळख आणि गुप्त किल्ली) भरलं. इथवर सगळं सुरळीत.

लॉगिनचं बटण दाबलं की समोर एकच ओळ: रीडायरेक्ट यूआरआय (लॉगिननंतर जेन्किन्सकडे परतायचा पत्ता) जुळत नाही. कुठला पत्ता आला, कुठला हवा होता, काही नाही! लॉगिन पुरवणाऱ्यांकडे नोंदवलेला पत्ता मी अक्षर न् अक्षर तपासला. एचटीटीपीएस होतं, डोमेन बरोबर होतं, शेवटी 'सिक्युरिटी-रेल्म'खालचं 'फिनिश-लॉगिन' होतं. लॉगिन पुरवणाऱ्यांच्या मदत कक्षाला लिहिलं, तर उत्तर आलं, 'पत्ता तंतोतंत जुळवा.' आलेला पत्ता त्यांच्या सर्व्हरला दिसत होताच, मग तो दाखवायला काय हरकत होती? या एका गोष्टीचा राग अजून जात नाही.

उलगडा झाला तो ब्राउझरच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये. तिथल्या लांबलचक ओळीत जेन्किन्सने पाठवलेला परतीचा पत्ता असतो, टक्क्याच्या चिन्हांनी भरलेला. तो नीट वाचला, तर साधं एचटीटीपी आणि पुढे पोर्ट ८०८०! प्लगइन हा पत्ता 'मॅनेज जेन्किन्स'मधल्या 'सिस्टिम'खाली जी 'जेन्किन्स यूआरएल' असते तिच्यावरून बनवतं, आणि ती जेन्किन्सच्या पुढे एनजिनएक्स (विनंत्या आधी स्वतः घेऊन आत पाठवणारा सर्व्हर, म्हणजे रिव्हर्स प्रॉक्सी) बसवण्याआधीच्या काळातली होती. ती बदलली आणि लॉगिन झालं. इतकं हायसं वाटलं! एनजिनएक्सकडून 'एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो' हेडरही (मूळ विनंती एचटीटीपीने आली की एचटीटीपीएसने, हे सांगणारी ओळ) पाठवा, नाहीतर जेन्किन्स रिव्हर्स प्रॉक्सीची तक्रार करत राहतं.

आत गेल्यावर मात्र परवानगी नाही. युजरनेमसाठी 'सब' हे फील्ड होतं, त्यात आमच्याकडे नुसते लांबलचक आकडे येतात. तिथे ईमेल घेतला आणि जेन्किन्सच्या परवानग्यांच्या तक्त्यात, म्हणजे मॅट्रिक्समध्ये, तोच ईमेल लिहून अ‍ॅडमिनचे हक्क दिले.

हो, आणि हे सगळं करताना अ‍ॅडमिनचं जुनं सेशन दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडं ठेवा. तरीही बाहेर अडकलात तर 'कॉन्फिग डॉट एक्सएमएल'मध्ये 'यूज-सिक्युरिटी' फॉल्स करून जेन्किन्स रीस्टार्ट करा. तेवढ्या वेळात सर्व्हर सगळ्यांना सताड उघडा असतो, म्हणून आधी बाहेरचा रस्ता बंद करा. जुने पासवर्ड वापरणाऱ्या स्क्रिप्टही बंद पडतील, त्यांना एपीआय टोकन (स्क्रिप्टसाठी पासवर्डऐवजी चालणारी किल्ली) द्या.