मागे सरकायला जागा

मामांना मुंबई दाखवते म्हटल्यावर ते हसलेच. "मला? मी दोन वर्षं भांडुपला स्लॅब ओतलेत बाई."

"स्लॅब ओतलेत, पण मुंबई पाहिलीत का?"

यावर गप्प. माझे मामा सेंट्रिंगचे, म्हणजे स्लॅब ओतण्याआधी खाली बांधायच्या साच्याचे ठेकेदार. जुन्या नाशकात तिवंध्यापासून दहीपुलापर्यंत चाळीसेक वर्षं त्यांनी काम केलं. त्यातला बराच काळ वाडे उतरवण्यात गेला. 'पाडणे' हा शब्द ते वापरत नाहीत. वाडा उतरवायचा असतो: आधी कौलं, मग वासे, मग तुळया, शेवटी खांब. त्याच जोत्यावर चार मजली इमारत उभी करून मामा पुढच्या गल्लीत. आता गुडघे दुखतात म्हणून घरी असतात आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला भिंत ओळंब्यात नसल्याचं सांगतात.

एका रविवारी सकाळी आम्ही नाशिकरोडहून पंचवटी पकडली. 1975 पासूनची ही आमची गाडी, तिच्याबद्दल नवीन काय सांगणार? इगतपुरीला वडा, कसारा घाटात दोन बोगदे होईस्तोवर मामांची झोप, कल्याणनंतर सगळ्या डब्याची उठाठेव. सीएसएमटीला उतरल्यावर मामा फलाटावर न रेंगाळता थेट रस्त्यापलीकडे गेले आणि तिथून स्टेशनाकडे वळून बघत बसले. "1888 ची आहे," मी म्हणाले. "हं. दगडाला इतकं काम द्यायला पैसा रेल्वेकडंच असणार." पुढं चालू लागले.

आम्हाला बघायचं होतं ते ओव्हल मैदान. 2018 मध्ये युनेस्कोनं मुंबईच्या 'व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको' इमारतींना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, एकूण 94 इमारती. नावं भारदस्त असली तरी मैदानाच्या मधोमध उभं राहिलं की मामला सोपा होतो. पूर्वेला दगड, पश्चिमेला सिमेंट. मध्ये रविवारचं क्रिकेट, एकाच मैदानात इतके सामने की कुठल्या चेंडूवर कोण धावतोय हे खेळणाऱ्यांनाही कळत नसावं.

पूर्वेची रांग एकोणिसाव्या शतकातली. 1860 च्या दशकात इंग्रजांनी किल्ल्याचे तट पाडले, मोकळ्या झालेल्या जागेच्या कडेला सरकारी इमारती उभ्या राहिल्या: जुनं सचिवालय, विद्यापीठाचा दीक्षान्त सभागृह, राजाबाई टॉवर, हायकोर्ट. टॉवर आणि हायकोर्ट दोन्ही 1878 मध्ये पुरे झाले. टॉवरला पैसे दिले कापसाच्या सट्ट्यात नाव कमावलेल्या प्रेमचंद रायचंद यांनी, आणि नाव आईचं. नकाशे इंग्लंडमधल्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे. ते स्वतः मुंबईला कधी आले नाहीत. मामांना हे फार झोंबलं. "साइटवर न येता ड्रॉइंग पाठवणारे तेव्हापासून आहेत म्हणायचे!"

हायकोर्टाकडे मात्र ते वेगळ्या कारणानं बघत होते. 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात, 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाला, अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. खटला चालला तो या हायकोर्टात. कान्हेरे अठरा वर्षांचे. त्यांच्यासोबत कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे. तिघांना 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. आमचं गोल्फ क्लबचं मैदान आज कान्हेऱ्यांच्या नावाचं आहे, तिथं मामा रोज सकाळी गुडघ्यांसाठी फेऱ्या मारतात. ते काळपट दगडांचे मनोरे त्यांनी बराच वेळ न बोलता पाहिले. मग टोपी काढून डोकं पुसलं, पुन्हा घातली.

"ह्या इमारती समुद्राकडे तोंड करून होत्या," मी म्हणाले. "तेव्हा मैदानापलीकडं रेल्वेचे रूळ आणि लगेच पाणी. मग बॅकबे नावाच्या या उपसागरात भर घातली, आणि त्या नव्या जमिनीवर 1930 च्या दशकात पश्चिमेची रांग आली."

"म्हणजे मागून आलेला पुढं बसला."

त्या भरावाची कथा मी मामांना चालता चालता सांगितली. 1920 च्या दशकात, गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात सुरू झालेलं काम, खर्च वाढत गेला, गाळ उपसणारी यंत्रं कुचकामी निघाली आणि खुर्शेद नरिमन या वकिलानं सरकारचे वाभाडे काढले. आज नरिमन पॉइंट त्यांच्याच नावानं आहे. मामांना सरकारी ठेक्याच्या गोष्टी सांगायची गरज नसते. "गाळ जाऊ दे, बिलं किती निघाली ते सांग," एवढंच म्हणाले.

मग आम्ही पाठ फिरवली, आणि मामांमध्ये एकदम जीव आला.

पश्चिमेची रांग राहत्या घरांची. पाच-सहा मजले, सगळ्यांची उंची जवळपास सारखी, कारण भरावाच्या जमिनीवर बांधायचं तर उंचीचे आणि मोकळ्या जागेचे नियम पाळावे लागत. पिवळसर, फिकट हिरवा, गुलाबी असे रंग. कोपरे गोल, जहाजाच्या नाकासारखे. खिडक्यांवर भुवईसारखे छज्जे, आणि ते कोपऱ्यावर न तुटता वळून पुढच्या भिंतीवर जातात. लोखंडी जाळ्यांत लाटा, उगवता सूर्य, गोठलेलं कारंजं. फाटकांवरच्या नावांची अक्षरंसुद्धा त्याच काळाची: एम्प्रेस कोर्ट, ग्रीन फील्ड्स, कोर्ट व्ह्यू. शेवटचं नाव मामांना आवडलं. समुद्र अडवून बसलेल्यानं नाव मात्र हायकोर्टाच्या दर्शनाचं घेतलं.

ही आर्ट डेको शैली पॅरिसहून आली, 1925 च्या तिथल्या प्रदर्शनानंतर जगभर गेली, हे खरं. पण इथं ती रुजवली ती देशी आर्किटेक्टांनी. भेदवार हे पारशी, त्यांनी 1938 चं इरॉस चित्रपटगृह बांधलं. गजानन म्हात्रे हे आपले मराठी, या रांगेतल्या काही इमारती त्यांच्या. आणि हे सगळं शक्य झालं आरसीसीमुळं, म्हणजे आत सळई घातलेल्या काँक्रीटमुळं. 1936 मध्ये दहा सिमेंट कंपन्या एकत्र येऊन एसीसी झाली, ती याच दिवसांतली गोष्ट.

मामा एका गोल बाल्कनीखाली थांबले. "खाली खांब नाही, बघितलंस? सगळा भार मागं घेतलाय. अशा बाल्कनीत सळई वरच्या अंगाला लागते. नवशिका खाली घालतो, आणि सेंट्रिंग काढल्यावर बाल्कनी मान टाकते." मग हवेत हात फिरवून गोलाई मोजली. "ही काढायला आता प्लाय वाकवतात. तेव्हा प्लाय कुठला? अरुंद फळ्या उभ्या लावायच्या, कडा तासायच्या, मधल्या फटी बुजवायच्या. सुताराचं काम आहे हे. आर्किटेक्टचं नाव तू सांगितलंस. सुताराचं कुठं लिहिलंय का?"

कुठंच लिहिलेलं नव्हतं.

एका इमारतीच्या दारात त्यांनी चप्पल काढून अनवाणी पायानं फरशी चाचपली. मी नको नको म्हणेपर्यंत वॉचमन धावत आला. फोटो नाही, आत यायचं नाही, सोसायटी आम्हाला बोलते वगैरे. बरोबरच होतं त्याचं. लोकांची घरं आहेत ती, आमच्यासारखे रोज दहा येत असतील. मामांनी क्षमा मागितली आणि चप्पल घालता घालता विचारलं, "जिन्याच्या वरच्या वळणावर पाणी झिरपतं का हो पावसाळ्यात?" वॉचमन चपापला. "तुम्हाला कसं कळलं?" त्यानंतर आम्हाला दोन मिनिटं मिळाली. घासून आरसा केलेलं मोझॅक, त्यात पितळी पट्ट्या, ओढायच्या जाळीची लिफ्ट, आणि सागवानी कठड्याचा जिना, जो कुठंही कोपरा न करता वर निघून जातो. मामांनी कठड्यावरून तळवा फिरवला. "सांधा सापडत नाही," ते हळूच म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही.

जेवण इराण्याकडं, ब्रुन मस्का आणि चहावर. मामांच्या मते ते जेवण नव्हे. मरीन ड्राइव्हला गेलो तर ऊन तापलं होतं. तिथंही तशाच गोल कोपऱ्यांच्या इमारती, पण समोर समुद्र, आणि मामांनी समुद्राकडं पाठ करून कट्ट्यावर बसत बोट दाखवलं: एका छज्जाचं काँक्रीट फुटून आतली सळई दिसत होती. "खारा वारा. मीठ आत शिरतं, लोखंड गंजून फुगतं आणि आतून सिमेंट फोडतं. आमच्या सागाला वाळवी, ह्यांना मीठ."

तिथंच त्यांनी ती गोष्ट काढली, जी बहुधा सकाळपासून त्यांच्या मनात घोळत होती. "मैदानामुळं दिसतात गं या. मागं सरकायला जागा आहे. आपल्याकडं भांडी बाजारात वाडा बघायचा तर पाठ समोरच्या वाड्याला टेकते. वर मान केली तर छज्जाची खालची बाजू दिसते, बस. मी किती वाडे उतरवले, पण एकाचाही दर्शनी भाग अख्खा पाहिला नाही."

हे मैदानही आपोआप राहिलेलं नाही. एके काळी त्याची पार दुर्दशा झाली होती, ते नीट ठेवावं म्हणून समोरच्या रहिवाशांना कोर्टात जावं लागलं. म्हणजे समोरच्याच इमारतीत! मामांना ही सोय फारच पसंत पडली.

सव्वासहाच्या पंचवटीनं परत निघालो. घाटात काळोख होता.

पुढच्या आठवड्यात मामांचा फोन आला, तिवंध्याला ये म्हणून. त्यांनीच बांधलेल्या एका इमारतीच्या गच्चीवर ते मला घेऊन गेले, गुडघे धरत, मजल्यामजल्यावर थांबत. गल्लीपलीकडं एक वाडा अजून उभा आहे. तिथून तो पहिल्यांदाच पूर्ण दिसला: काळं दगडी जोतं, त्यावर विटा, मग सागवानी सज्जा, त्याला खालून पेलणारे कोरीव लाकडी हात, म्हणजे हस्त, मधल्या खणाची महिरप. एका बाजूला झुकलेला. पत्र्याचे दोन तुकडे आणि निळा प्लॅस्टिकचा कागद वर टाकलेला. मामा पाण्याच्या टाकीला टेकून हस्त मोजत होते. अकरापर्यंत आले, चुकले, पुन्हा पहिल्यापासून.

सज्जात एक बाई कपडे वाळत घालायला आली. दोन अनोळखी माणसं आपल्याकडं टक लावून बघतायत म्हटल्यावर तिनं हातातला टॉवेल तसाच धरून विचारलं, "काय पाहिजे?"

"काही नाही ताई," मामा गल्लीपलीकडं ओरडले. "तुमचं घर बघतोय."